ब्लाइब म्हटलं की परत जायचं

दादा, पहिली गोष्ट ही की टिकली रडत नव्हती.

गावात आता वेगळंच सांगतात. मालक गेला, कुत्रीनं दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, जागची हलली नाही, डोळ्यांना नुसत्या धारा. कुणीतरी तिचा फोटो काढून मोबाइलवर लावला. खाली जोडलेले हात, आणि 'मुकं जनावर, पण माणसापेक्षा बरं'. तो फोटो फिरत फिरत अंबडला माझ्याच मोबाइलवर येऊन पडला. मी पुसून टाकला. ती शोक करत नव्हती, ती ड्युटीवर होती. तू तिला 'ब्लाइब' म्हणाला होतास. ब्लाइब म्हणजे थांब, मी येईपर्यंत उठू नकोस. आणि तू आला नाहीस.

एवढंच झालं. आणि त्याचा मला इतका राग आहे की दीड महिना होऊन गेला तरी उतरलेला नाही. लोक म्हणतात, सुमनताई, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मग कुणावर धरू? टिकलीवर? शेषरावावर? तुझ्यावरच धरणार. तूच केलंस.

त्या दिवशी मी नेहमीच्या बसनं उतरले. वहिनी गेल्यापासून रोजचं ठरलेलं होतं. दहाच्या सुमारास फाट्यावर उतरायचं, आधी शेतात येऊन तुझा डबा ठेवायचा, मग उपकेंद्रात जाऊन गावाची बीपी, शुगर, बाळांच्या लसी. मोसंबीची वाळलेली झाडं काढलेल्या त्या मोकळ्या तुकड्यात तू टिकलीचं मैदान केलं होतंस. पाइपचे अडथळे, बुडं कापून जोडलेल्या निळ्या ड्रमांचा बोगदा, दोरीला टांगलेला टायर, मधोमध वरखाली होणारी फळी. पहिल्या अडथळ्यापाशी टिकली बसलेली. पार दुसऱ्या टोकाला शेवग्याच्या बुंध्याला टेकून तू. बांधावरूनच मी ओरडले, "दादा, डबा." तू बोलला नाहीस. ट्रेनिंग चालू असताना तू कधीच बोलत नसायचास, म्हणून मी तिथंच थांबले. मी, गावातली आरोग्यसेविका, डबा हातात धरून बांधावर पाच मिनिटं उभी राहिले. मग तुझ्या मानेकडं माझं लक्ष गेलं.

शेजारच्या शेतातला शेषराव तर माझ्या आधीच तिथून गेला होता. त्याची मोटर तुझ्या विहिरीच्या पलीकडं आहे. तो आता दिसेल त्याला तेच सांगतो. माझ्यापुढं तर तीनदा रडला. "ताई, मी साडेसातला पाह्यलं न. साहेब झाडाला टेकून बसल्ते. मी राम राम घातला. बोलले न्हाई. मंग म्या म्हटलं, टरेनिंग चालू आहे, आता बोललं तर खवळतील. मागं एकदा बोल्लो होतो तर केवढे खवळल्ते! मंग मी गुपचूप निघून गेलो. मोटर चालू करून परत आलो, तरी तसेच. कुत्री बी तशीच बसल्ती. ती जर भुकली असती न ताई, तर मी बिलकुल धावलो असतो."

ती भुंकली असती तर! बाकी कुणाचीही कुत्री असती तर तिनं अख्खी वस्ती गोळा केली असती. तुझी बसून राहिली, कारण तू तिला तसं शिकवलं होतंस. आणि शेषराव निघून गेला, कारण तू त्यालाही तसंच शिकवलं होतंस. ट्रेनिंगच्या वेळेला मैदानात यायचं नाही, हाक मारायची नाही, मोटरसायकल बांधाला लावायची नाही. पोलिसांच्या श्वानपथकातून रिटायर झालास, पण गावाला पथक करून ठेवलंस. अख्खं गाव तुझ्या ब्लाइबमध्ये बसलं होतं, आणि तू तिथं एकटा.

डॉक्टर म्हणाले, दोन-चार मिनिटांत संपलं असणार, कुणी धावलं असतं तरी उपयोग नव्हता. मला ते कळतं. तीस वर्षं मी हेच काम करते. अशी वाक्यं मीही लोकांच्या दारात बोललेली आहेत. आता समजलं की ऐकणाऱ्याला त्यांचा काही उपयोग होत नाही.

आणि तू तर मला हातसुद्धा लावू दिला नाहीस. सगळ्या गावाचे दंड माझ्या बीपीच्या पट्ट्यातून गेलेत. ज्यांचा-माझा बोलण्याचा संबंध नाही, त्यांचेसुद्धा. तुझा नाही.

"दादा, हात दे इकडं."

"हिचा घे." टिकलीचा पुढचा पाय माझ्या हातात.

"हिला काय झालंय?"

"मंग मला तरी काय झालंय? टाइमपास करून राह्यली उगीच. जा, तिकडं तुझे पेशंट बसलेत."

तेराव्यानंतर मी टिकलीची फाइल उघडली. रेबीजचं इंजेक्शन वेळेवर, जंताचं औषध वेळेवर, प्रत्येक तारखेपुढं तुझं ते टोकदार अक्षर. आणि सगळ्यात मागं, प्लास्टिकच्या कप्प्यात घडी करून ठेवलेला तुझा कार्डिओग्राम. जालन्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, अँजिओग्राफी ताबडतोब करून घ्यावी. दोन महिन्यांपूर्वीची. मला सांगायचं नव्हतं तर जाळायची होतीस. कुत्रीच्या कागदात ठेवलीस, म्हणजे मी कधीतरी बघीन असं वाटत होतं? का तुला ती जागाच सगळ्यात सुरक्षित वाटली? याचं उत्तर देऊन जायला हवं होतं.

त्या जर्मन शब्दांवरून आपण किती भांडलो! टिकली शहागडच्या धाब्यामागं सापडलेली, मागचा पाय ट्रकला घासून खरचटलेला, कपाळावर पांढरा ठिपका एवढीच काय ती शोभा. आणि तिच्याशी तू बोलणार जर्मन. जिट्झ म्हटलं की बसायचं, होप म्हटलं की उडी, हीर म्हटलं की जवळ यायचं, आउस म्हटलं की तोंडातलं सोडायचं. तुला ते तुझ्या उस्तादांनी शिकवलेलं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. मी विचारलं होतं, "तुमच्यातल्या एकानं तरी जर्मनी पाह्यला का?" तू म्हणालास, "आम्ही नांदेडच्या पुढं गेलो न्हाई, पण कुत्रं बराबर बसतंय." तेव्हा आपण दोघंही हसलो होतो. मग मी पुन्हा सुरू झाले.

"अरे, पथकातल्या कुत्र्याचं ठीक. चोरानं हुकूम देऊ नये म्हणून तुमची वेगळी भाषा. हिला कोण चोर हुकूम देणार? मराठीत सांग न. बस म्हटलं की बसन."

"सुमे, मराठीतला असा एक शब्द सांग, जो हिच्या अंगावर कुणी फेकला न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे हाड. हो तिकडं. चल. ऊठ. बस सुद्धा. धाब्यावरच्या पोरानं पाण्याचा मग मारायच्या आधी हिला बसच म्हटलं असंल. हिनं जल्मापासून मराठी ऐकली ती दगडासंगच. हे जे शब्द हायेत न, ते हिला कुणी चिडून म्हटलेच न्हाईत. कोरे हायेत. जिट्झ म्हटलं की बिस्कुट, होप म्हटलं की बिस्कुट. एवढंच तिला म्हाईत."

मी म्हणाले, "तुझे सगळे नखरे आहेत," आणि डबा ठेवून निघून गेले.

तू बरोबर होतास. त्याच दिवशी उपकेंद्रात बसल्या बसल्या मला ते कळलं होतं. तोंडावर सांगितलं असतं तर वर्षभर मिशीला पीळ देत फिरला असतास, म्हणून सांगितलं नाही. आता सांगते आहे तर तुझी मिशीसुद्धा नाही. याचाही राग येतो.

पण ब्लाइबवरून झालेलं भांडण वेगळं होतं. ते मिटलं नाही.

भाऊबीजेचा दिवस. मी ओवाळायला आले, तर तू आधी टिकलीचा खेळ दाखवायला घेतलास. तिला ब्लाइब म्हणून पार शेवग्यापर्यंत चालत गेलास. मला गंमत सुचली. मी हातात करंजी घेतली आणि तुझ्याच आवाजात म्हणाले, "हीर." ती अर्धवट उठली, पुन्हा बसली, तुझ्याकडं बघायला लागली, माझ्याकडं बघायला लागली. तू तिथून जो ओरडत आलास!

"ब्लाइबमधून हाक मारून उठवायचं न्हाई! कधीच न्हाई! ज्यानं बसवलं त्यानं चालत परत जायचं. तिच्या उजव्या अंगाला उभं राह्यचं. खांद्यावर हात ठिवायचा. मंग लाउफ म्हणायचं, मंग ती सुटली."

"एका करंजीनं काय एवढं बिघडलं?"

"बिघडतंय! एकदा का लांबून हाक मारली, की पुढच्या बारीला ती निवांत बसतच न्हाई. हाकेकडं कान लावून थरथरत राह्यते. आपण परत येणार हे तिला पक्कं म्हाईत पाह्यजे. तरच बसती. ब्लाइब म्हंजे आपला शब्द आहे, सुमे. तिचा न्हाई, आपला."

मी पाटावर ताट ठेवलं आणि म्हणाले, "माणसाला कधी दिलास का एवढा पक्का शब्द?"

ओवाळणी झाली, तू जेवलास, पण माझ्याकडं पाहिलं नाहीस. मी कशाबद्दल बोलले ते तुला कळलं होतं का? अंबडचा बाजार. मी सात वर्षांची, तू अकरा. बाबा बियाणं बघायला गेलेले. तू मला दुकानाशेजारच्या रिकाम्या पोत्यावर बसवलंस आणि म्हणालास, "हितंच बस. हलू नको. मी आलोच." आणि कुस्त्या बघायला गेलास. मी बसले. पेरूवाल्या बाईनं सावलीत बोलावलं, गेले नाही. तिनं पेरू पुढं केला, उठून घेतला नाही. पाठीवरचं ऊन पोटावर आलं. लघवी आवरेना तेव्हा तिथंच झाली, तरी उठले नाही, कारण तू हलू नको म्हणाला होतास. बाजार उठायला आला तेव्हा तू बाबांच्या मागून रडत आलास. बाबांनी तुला तिथंच बडवलं. त्यानंतर पन्नास वर्षांत आपण दोघांनी त्याचा शब्द काढला नाही. कुत्रीला बसवलं की परत जायचं, हा नियम तुला पथकात मिळाला का त्या पोत्यावरून, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. टोमणा मारला. ही माझी चूक. लिहून टाकते.

बरं, पुढचं ऐक. तुला घरी आणलं, पुण्याहून तुझा संदीप येईपर्यंत चार वाजले. या सगळ्यात टिकली मैदानातच. कुणाच्या लक्षात नाही. मला वाटलं, आली असेल मागोमाग. माणसं तुला पोहोचवायला निघाली तेव्हा शेषराव माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, ती अजून तिथंच आहे. म्या पाणी ठिवलं, बसल्या जागी प्यायली. उठंना."

मी गेले तेव्हा तिथं पंधरा-वीस जण जमलेले. कुणी चू चू करतंय, कुणी भाकरी फेकतंय, कुणी मोबाइल धरलाय. तो फोटो तिथलाच. तुझा संदीपही स्मशानातून सरळ तिकडंच आला. त्यानं पट्टा धरून ओढलं. ती त्याच्यावर गुरगुरली. मुलगा आधीच मोडलेला, तो मागं सरकून बांधावर बसला आणि म्हणाला, "आत्या, हिला पण मी चालत न्हाई." मीही मूर्खासारखी लांबून "हीर" म्हणाले. ती उठायला झाली, परत बसली, आणि घशातून बारीक आवाज काढला. करंजीच्या दिवसासारखाच. तेव्हा मला सगळं आठवलं.

मी सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं. चपला काढल्या, का ते माहीत नाही. चालत तिच्यापाशी गेले. उजव्या अंगाला उभी राहिले, तिचं तोंड जिकडं तिकडंच माझं. दादा, तिथून सरळ समोर शेवगा दिसतो. मधे काहीसुद्धा आड येत नाही. म्हणजे सकाळी तू बसलास ते, मान पडली ते, शेषराव दोनदा गेला ते, मी धावले ते, चौघांनी तुला उचलून नेलं ते, सगळं तिनं बसल्या जागेवरून पाहिलं. आणि उठली नाही.

मी खांद्यावर हात ठेवला. अंग तापलेलं, आत बारीक थरथर. म्हणाले, "लाउफ."

शेवग्याकडं गेली नाही ती. बांधाच्या कडेला गेली, बसली, आणि केवढा तरी वेळ मुतत राहिली. दहा तास धरून ठेवलं होतं. लोकांतलं कुणीतरी हसलं. मी मागं वळून त्याला जे बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते मात्र शुद्ध मराठीत होतं. मग ती शेवग्यापाशी गेली, जमीन हुंगली, बुंध्याला एक फेरी मारली आणि परत येऊन माझ्या डाव्या पायाशी उभी राहिली. मी त्या दिवशी तेव्हा रडले. तुझ्यासाठी असं समजू नकोस. मला सात वर्षांच्या पोरीची लाज आठवली.

संदीपवर माझा राग नाही. तो म्हणाला, "आत्या, फ्लॅटमध्ये जमणार नाही. एक फार्महाऊसवाले आहेत, त्यांना शिकवलेली कुत्री पाहिजे. चांगली माणसं आहेत. तुम्ही फक्त तेवढे शब्द आणि अर्थ लिहून द्या." चुकीचं काही बोलला नाही. मी वहीचं पान फाडून लिहायला बसले. जिट्झ, बस. होप, उडी. हीर, ये. आउस, सोड. मग ब्लाइब लिहिलं आणि त्याच्यापुढं 'थांब' लिहिलं. पेन तिथंच राहिलं. ज्याला 'थांब' एवढंच माहीत, तो तिला फाटकापाशी बसवील आणि जेवायला निघून जाईल. पाहुणे आले की विसरेल. ती बसून राहील. पुन्हा.

मी पान चुरगाळलं. संदीपला म्हणाले, "कुत्री कुठं जात न्हाई."

"आत्या, तुम्हाला कुत्री आवडत न्हाईत की."

"न्हाईच आवडत."

आता तुझी स्कूटी मी चालवते. बस सोडली. टिकली पुढं पाय ठेवायच्या जागेत उभी राहते. अंबडहून निघालो की रस्त्यावरची माणसं बघतात. तिचे केस माझ्या कामाच्या साडीवर असतात आणि गरोदर बायका नाक मुरडतात. घरी तुझ्या दाजींनी तिच्यासाठी पोतं अंथरलं. तिच्या जेवणाच्या वेळी ते जिट्झ म्हणायला शिकलेत. शाळेत चाळीस पोरं बसवली त्यांनी, पण एक कुत्री बसली तर त्यांच्या तोंडावर केवढा आनंद असतो, तू बघायला हवा होतास.

उडी मारते. बोगद्यातून जाते. फळीवर थोडी घाबरते, तुझ्यावेळीही घाबरायची. एक गोष्ट मात्र करत नव्हती. ब्लाइब म्हटलं आणि मी पाठ फिरवली की उठून माझ्या मागं. बसवायची, पाठ फिरवायची, मागं. तिचं काय चुकलं? एकदा हा शब्द पाळून तिनं काय पाहिलं ते मला माहीत आहे. मीही त्या बाजारानंतर कित्येक वर्षं कुणी 'इथंच थांब, आलोच' म्हटलं की त्याचं बोट सोडत नसे.

म्हणून मी लहानापासून सुरू केलं. एक पाऊल जायचं, परत यायचं, हात, लाउफ, बिस्किट. दोन पावलं. पाच. उपकेंद्र उघडायच्या आधी रोज अर्धा तास. शेषराव बांधावर येऊन उभा राहतो, आणि मी त्याला बोलायची परवानगी दिली आहे. उलट सांगून ठेवलं आहे, रोज मोठ्यानं राम राम घालायचा आणि उत्तर मिळेपर्यंत जायचं नाही. तो भीत भीत घालतो. मी दर वेळी उत्तर देते. आणि महिन्यातून एकदा त्याचं बीपी तिथंच बांधावर मोजणार आहे, त्यानं टिकलीचा पाय पुढं केला तर त्याच पट्ट्यानं त्याला हाणणार आहे.

तिच्यापासून शेवग्यापर्यंत पंचावन्न पावलं आहेत, दादा. मोजली मी. काल सगळी चालले. तिच्याकडं पाठ होती. तू टेकला होतास तिथं पोहोचले, बुंध्याला हात लावला. मागून पावलं वाजली नाहीत. वळून पाहिलं तर ती बसलेली, कान पुढं, डोळे माझ्यावर. शेवग्याच्या शेंगा डोक्यावर लोंबत होत्या. छातीत धडधडत होतं, पण ते नुसतं धडधडणं होतं, मी नाडी बघितली.

मग मी पंचावन्न पावलं परत चालले.

एवढंच करायचं होतं तुला.